एक्स-रे क्लिअर आहे

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, १४ नोव्हेंबर २००५

आम्रपाली,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नसशील, तर पुढे वाच. आईच्या डब्याच्या पिशवीतून पाठवतोय. मगरपट्टा काही लांब नाही, स्वारगेटला बस बदलली की पाऊण तास. पण तिथे यायला मला मनाई आहे हे माझ्या लक्षात आहे. ती मनाई उठव म्हणून हे पत्र नाही.

आज जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, एवढंच कारण. आईला सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तीच तीच कढई घासत होती.

जुनं एक्स-रे क्लिनिक बंद झालं आणि दोन वर्षांपूर्वी मी एमआरआय सेंटरला लागलो, हे तुला आईकडून कळलंच असेल. एक्कावन्नाव्या वर्षी माउस धरायला शिकलो. पहिला महिनाभर तो माझ्या हातून टेबलाखाली पडायचा आणि चेतन नावाचा आमचा तरुण टेक्निशियन तो शांतपणे उचलून द्यायचा. आता जमतं. पेशंटला आत सरकवणं, अंगावर धातू नाही ना हे बघणं, यंत्र चालवणं, सगळं करतो. रिपोर्ट मात्र डॉक्टर उल्का पानसे लिहितात. मी त्यात बोलत नाही.

आज मार्केट यार्डातले सिराजभाई आले होते, फुलांचा गाळा आहे त्यांचा. बरोबर मुलगी, रुमाना. सतरा वर्षांची, कॉलेजकडून धावते. पंधरा दिवस नडगी दुखतेय. सिराजभाई मला म्हणाले, "भीमरावभाई, एक्स-रे एकदम क्लिअर आहे. पोरगी नाटक करते. डॉक्टर बोलले म्हणून आलो, नायतर गाळा सोडून कोण येतं?"

मी मुलीला विचारलं, कुठे दुखतं? तिने सगळ्या पायावरून हात फिरवला नाही. एक बोट काढलं आणि नडगीवर एका जागी ठेवलं.

आमू, मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी तिला आत सरकवलं आणि काचेमागे जाऊन बसलो. ह्या यंत्रात एक पद्धत असते, तिच्यात चरबी काळी पडते आणि पाणी असेल तिथे पांढरं दिसतं. चांगलं हाड आतून काळं दिसायला हवं. रुमानाचं हाड वर काळं होतं, खाली काळं होतं आणि मधे, तिने बोट ठेवलं होतं बरोबर तिथे, पाटीवर ओला खडू आडवा फिरवल्यासारखं पांढरं होतं.

उल्का मॅडम म्हणाल्या, "हाडावर ताण पडून आतून सूज आलीय. अजून तडा नाही. एक्स-रेत हे पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक दिसत नाही. कधी कधी शेवटपर्यंत दिसत नाही."

मी विचारलं, "दिसतच नाही?"

त्या म्हणाल्या, "भीमराव, इतकी वर्षं एक्स-रे काढलेत आणि हे माहीत नाही?"

नव्हतं माहीत. तीस वर्षं मी फिल्म उजेडात धरून लोकांना सांगत आलो की हाड ठणठणीत आहे. डॉक्टर सायंकाळी सातला यायचे, तोवर अर्धं मार्केट यार्ड माझ्याकडून निदान घेऊन गेलेलं असायचं. हमालांना माझ्यावर डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा होता आणि मला त्याचा केवढा माज होता. तुझा पाय दुखायला लागला तेव्हा पाचव्या दिवशी मीच फिल्म काढली, मीच वाचली आणि मैदानावर तुझ्या सरांसमोर सांगितलं, एक्स-रे क्लिअर आहे, ही नाटकं करतेय. तूही एकच बोट ठेवलं होतंस. म्हणाली होतीस, "बाबा, स्नायू नाही दुखत, हाड दुखतंय."

तू खरं बोलत होतीस. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली. पण फिल्मवर जे नव्हतंच ते मी वाचणार तरी कुठून, हेही तू ध्यानात घे.

आई सांगते, तू परत धावायला लागलीस, कंपनीच्या चमूत. ऐकून बरं वाटलं.

— बाबा

---

बिबवेवाडी
बुधवार, २३ नोव्हेंबर २००५

आम्रपाली,

पत्राचं उत्तर आईच्या तोंडून मिळालं. "नऊ वर्षांनी रिपोर्ट आला वाटतं." बरोबर आहे. आमच्या क्लिनिकला एवढा उशीर कधी झाला नव्हता.

मी उत्तराची वाट बघणार नव्हतो आणि दुसरं पत्रही लिहिणार नव्हतो. पण रविवारी आई तुझ्याकडून आली आणि भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "पोरगी जिना उतरताना जांघेवर हात ठेवते हो. कंपनीच्या डॉक्टरने एक्स-रे काढला, क्लिअर आहे म्हणे. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी एकवीस किलोमीटर पळणार आहे."

मी चहा तसाच ठेवून उठलो. आई म्हणाली, अहो, एवढं काय झालं? मी तिला खोदून खोदून विचारलं, कधीपासून दुखतं, केव्हा वाढतं, किती पळते.

सोमवारी मी उल्का मॅडमना विचारलं. नाव सांगितलं नाही, ओळखीतली एक मुलगी म्हणून सांगितलं. सव्वीस वर्षांची, तीन महिन्यांत धावणं दुपटीने वाढवलंय, जांघेत खोल दुखतं, चालताना वाढतं, बसलं की कमी होतं, एक्स-रे साफ. त्या लिहीत होत्या. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तिला आजपासून धावू देऊ नका. एमआरआय करा."

नडगी आणि जांघ ह्यात फरक आहे, आमू. नडगी मोडली तर रॉड घालतात, आणि पुढचं तू भोगलं आहेस. पण मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथे त्याला एक मान असते. ती मान ताणाने चिरली आणि तशीच धावत राहिलीस तर एका पावलात पूर्ण मोडू शकते. वरच्या गोळ्याला रक्त त्या मानेवरूनच जातं. ते तुटलं तर गोळा मरतो. मॅडम हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. सव्वीसाव्या वर्षी खुबा बदलायचा, हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.

चालायला त्रास होतो म्हणजे तुला माहीत आहे, आत काहीतरी आहे. ते काय आहे, मी सांगणार नाही. माझा सांगण्याचा हक्क गेला. पण ते बघायला यंत्र आहे आणि ते यंत्र पोरगी नाटक करते की नाही हे बापाला विचारत नाही.

माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. पायावर काढू नकोस.

— बाबा

---

बिबवेवाडी
मंगळवार, २९ नोव्हेंबर २००५

आम्रपाली,

आईच्या मोबाइलवर तुझा मेसेज आला. तिने चष्मा लावून मला वाचून दाखवला. "त्यांना सांग, एक्स-रे क्लिअर आहे."

दिवसभर मी तो ऐकतोय. यंत्राच्या धडधडीत ऐकला, पीएमटीच्या बसमध्ये ऐकला. पाच दिवसांनी तू पळणार आणि मी काही बोललो तरी ते ह्याच एका वाक्यावर आपटून परत येणार. म्हणजे माझ्याकडे आता एकच गोष्ट उरली जी तुला थांबवू शकेल. ती मी मेल्यावर कपाटात सापडली असती. आता पाकिटात घालतोय.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी, सत्त्याण्णवच्या जानेवारीत, मी तुझी पुन्हा फिल्म काढली होती. तू लंगडत होतीस म्हणून आईने मागे लागून काढायला लावली. तुला आठवेल, तू नंतर ती मागितली होतीस आणि मी म्हणालो होतो, नीट आली नव्हती, फेकून दिली.

फेकली नव्हती. ती नीट आली होती.

आमच्या क्लिनिकची गंमत तुला माहीत आहे. मालक फिल्म धुवायचं रसायन, डेव्हलपर, बदलायचे नाहीत. जुन्याच टाकीत थोडं थोडं नवं ओतत राहायचो आणि महिनाअखेरीला प्रत्येक फिल्मवर धुरकट डाग यायचे. सायंकाळी डॉक्टर फसू नयेत म्हणून मी अशा डागाभोवती काचेवर लिहायच्या लाल मेणाच्या पेन्सिलीने गोल करायचो आणि बाजूला लिहायचो, "डाग". माझी शिस्त होती ती. डॉक्टर माझं कौतुक करायचे, भीमरावने गोल केला की तिकडे बघायचंच नाही.

तुझी फिल्म मी हँगरवरून काढली, ओली असतानाच ट्यूबलाइटसमोर धरली. नडगीच्या मधोमध, हाडाच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढं धुरकट दिसलं. तू बोट ठेवायचीस तिथेच.

फिल्म वाळल्यावर मी पेन्सिल उचलली, गोल केला आणि लिहिलं, डाग.

मला तेव्हा तसंच वाटलं, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. महिनाअखेर होती, डेव्हलपर संपायला आला होता, सगळं खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी आठशे मीटर होतं. राज्याच्या संघात नाव आलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी होती. आपल्या घरात कुणी कधी ऑफिसच्या खुर्चीवर बसलं नव्हतं, आणि मी तुला त्या खुर्चीत बघत होतो, फिल्मकडे बघत नव्हतो. फिल्म डॉक्टरांच्या ढिगात ठेवलीच नाही. पाकिटात घालून घरी आणली आणि तुला म्हणालो, पळ बिनधास्त.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर जो आवाज झाला तो मी कठड्यापाशी उभा राहून ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा. हॉस्पिटलात तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला खरंच काही दिसलं नव्हतं?" मी म्हणालो, हाड ठणठणीत होतं, तू वळणावर पाय वाकडा टाकलास.

तू घर सोडून गेलीस ते पाय मोडला म्हणून नाही, ह्या वाक्यामुळे गेलीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

फिल्म सोबत आहे. कुठल्याही डॉक्टरला दाखव, विचार, हा डाग आहे का. मग ठरव, क्लिअर म्हणणाऱ्यांवर किती भरवसा ठेवायचा.

शुक्रवारी दुपारी तीनला उल्का मॅडमनी तुझ्यासाठी वेळ ठेवली आहे. मी त्या दिवशी रजा टाकली आहे, यंत्र चेतन चालवेल. मी नसेन म्हणून तरी ये.

— बाबा

---

बिबवेवाडी
शनिवार, ३ डिसेंबर २००५

आम्रपाली,

काल आपण चार-पाच वाक्यं बोललो. घरी येऊन मोजली. त्यातल्या एका प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, म्हणून हे पत्र. आई तुझ्याकडे राहायला निघाली आहे, कपडे भरतेय, तोवर लिहून संपवायचं आहे.

रजा टाकूनही मी आलो ह्याचा तुला राग आला असेल. मी आत येणार नव्हतो. बाहेर पेशंटच्या माणसांचा बाक आहे, तिथे बसलो होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाकावर बसलो. इतका वाईट बाक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तू आलीस. मैत्रिणीच्या खांद्यावर हात होता. मी उभा राहिलो आणि तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं आपण रिसेप्शनवरच्या माणसाकडे बघतो. फॉर्म भरलास आणि विचारलंस, "हा कुणाकडे द्यायचा?" मी सवयीने हात पुढे केला. सवयीनेच वाचला. शरीरात धातू आहे का: "पूर्वी रॉड, १९९८ साली काढला." खाली कारणाचा रकाना असतो. तिथे तू लिहिलं होतंस, "वडिलांनी एक्स-रे वाचला."

चार शब्दही पुरते नाहीत. मी तो फॉर्म चेतनच्या हातात दिला आणि बाकावर येऊन बसलो.

पस्तीस मिनिटं आतून धडधड ऐकू येत होती. मधे चेतन दार उघडून बाहेर आला. त्याचा चेहरा बघून मला कळलं की पडद्यावर काहीतरी आहे. म्हणाला, "काका, आत या ना. एकदा बघा तरी."

मी म्हणालो, "मॅडम बघतील."

तो म्हणाला, "अहो, तुम्हाला कळेल."

मला कळलं असतं, आमू, म्हणूनच गेलो नाही. तुझ्या हाडाकडे पुन्हा एकदा एकट्याने बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. बाकीचे बाप बसतात तसा बसून राहिलो.

मग उल्का मॅडमनी तुला बोलावलं, ओळखीचा म्हणून मलाही. मानेच्या आतल्या बाजूला सूज आणि त्यात एक बारीक रेघ, मानेच्या जाडीच्या अर्ध्याहून कमी. कुबड्या, सहा ते आठ आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही, मग पुन्हा तपासणी. ऑपरेशन बहुतेक नाही. तू विचारलंस, "रविवारी पळाले असते तर?" मॅडमनी सरळ सांगितलं, "अर्ध्या वाटेत पडली असतीस. पुढचं सांगायला लावू नकोस."

तू खुर्चीचा हात धरलास. मीही दुसऱ्या खुर्चीचा धरला होता. मॅडम कधी तुझ्याकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या. ओळखीतली ती मुलगी कोण, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार.

बाहेर आल्यावर तू लॅपटॉपच्या बॅगेतून फिल्म काढलीस आणि कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटसमोर धरलीस. कशी धरायची हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं, कडेला धरायचं, बोटं मधे आणायची नाहीत.

"ह्या गोलात?"

"हो."

"मी इथेच बोट ठेवलं होतं."

"हो."

मग म्हणालीस, "मला सांगितलं असतंत ना, तरी मी बहुतेक पळालेच असते. मलाही ती नोकरी हवी होती. पण मग ते माझं मी ठरवलं असतं."

तू अंगठ्याला थुंकी लावलीस आणि फिल्मवरचा "डाग" हा शब्द घासून काढलास. मेणाची पेन्सिल ती, नऊ वर्षांनीही निघाली. गोल तसाच ठेवलास.

आणि मग जाता जाता, चेतनने आणून दिलेल्या कुबड्या अजून काखेत नीट बसत नव्हत्या तुझ्या, तू मागे वळून विचारलंस, "पण बाबा, तुम्ही तर नेहमी दोन काढता. एक समोरून, एक बाजूने. मग ही एकच कशी?"

नऊ वर्षांत तू मला पहिल्यांदा बाबा म्हणालीस आणि नेमका तोच प्रश्न विचारलास. मी म्हणालो, रिक्षा आली बघ.

आता उत्तर देतो.

दोन काढल्या होत्या. टाकीतला डाग कुठेही पडतो, आज इथे तर उद्या तिथे. दोन फिल्मवर हाडाच्या त्याच जागी तो कधीच पडत नाही. ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट, डार्करूममध्ये आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः कितीतरी जणांना शिकवली. शंका आली की दुसरी फिल्म बघ, दोन्हीकडे असेल तर ते हाडातलं आहे.

दोन्हीकडे होतं. मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या, बघितल्या, आणि दोन्हीवर गोल केला, दोन्हीवर डाग लिहिलं. डेव्हलपर, महिनाअखेर, हे सगळं मागच्या पत्रात लिहिलं तेव्हाही मी लपवत होतो. मला वाटलं नव्हतं, मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पळून झालं की मग बघू, एवढाच विचार केला. एकच शर्यत, दोन-अडीच मिनिटांची.

दुसरी फिल्म ह्या पाकिटात आहे. आता माझ्याकडे काही नाही. आज सकाळी मी ती खिडकीत धरली आणि अंगठा ओठांपर्यंत नेलाही होता. पण नाही पुसला. त्यावर मी लिहिलेला शब्द तसाच आहे, माझ्याच अक्षरात.

तो पुसायचा की ठेवायचा, हे तू ठरव.

— बाबा